हातांतली कळ : खांचेवरच्या शर्यतगाड्यांच्या नियंत्रणाची हकीकत

शर्यतीच्या चिमुकल्या गाड्यांचा खेळ पेटींतून बाहेर निघाला म्हणजे पाहणाराची दृष्टि प्रथम गाड्यांकडे जाते. त्यांचा लाल-निळा रंग, पाठीवरचा आंकडा, बोटाच्या पेराएवढीं चाकें, आंत बसविलेला शिरस्त्राणधारी चालक, हें सारें इतकें हुबेहूब असतें कीं मोठीं माणसेंहि क्षणभर मान वांकवून पाहतात. मग दृष्टि वळते ती काळ्या रस्त्याच्या तुकड्यांकडे. आणि सर्वांच्या शेवटीं, तारेच्या वेटोळ्यांत गुंडाळून पेटीच्या कोंपऱ्यांत पडलेली एक मूठ दिसते. तिच्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती ही मूठ. दुकानदार तिला हँड कंट्रोलर म्हणतो. आपण तिला हातांतली कळ म्हणूं.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. रस्त्याच्या पृष्ठावर प्रत्येक गाडीसाठीं एक बारीक खांच असते आणि त्या खांचेच्या दोन्ही अंगांस धातूची एकेक पट्टी. गाडीच्या पोटाखालची पात खांचेंत उतरते, पातीच्या दोन्ही बाजूंचे तारेचे कुंचले पट्ट्यांना घांसत जातात, आणि पट्ट्यांतील वीज गाडीच्या पोटांतल्या मोटरीस मिळते. खांचेला इंग्रजींत स्लॉट म्हणतात, म्हणून ह्या गाडीचें नांव स्लॉट कार. गाडीला सुकाणूं नाहीं. कोठें वळावयाचें हें खांच ठरविते. खेळाडूच्या हातीं उरतो तो केवळ वेग. वळणावर वेग अधिक झाला तर पात खांचेंतून निसटते आणि गाडी गालिच्यावर जाऊन उताणी पडते. कमी झाला तर शेजारचा गडी पुढें निघून जातो. ह्या दोहोंच्या मधली जी अरुंद जागा, तिच्यांत सारा खेळ आहे, आणि ती जागा सांपडते किंवा हुकते ती हातांतल्या कळीमुळें. म्हणूनच ह्या खेळाचा इतिहास सांगावयाचा तर तो गाड्यांचा न सांगतां कळीचा सांगावा, असें माझें मत आहे.

ह्या कळीचें कुळ शोधीत गेलें तर तें खेळण्यांच्या दुकानाच्या पुष्कळ मागें जातें. गेओर्ग ओम ह्या जर्मन पंडितानें १८२७ सालीं विजेचा दाब, प्रवाह आणि रोध ह्यांचा संबंध सांगणारा आपला नियम प्रसिद्ध केला. पुढें १८४३ मध्यें इंग्लंडांत चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनीं रोध हवा तसा कमीजास्त करतां येईल अशा उपकरणाचें वर्णन केलें व त्यास रिओस्टॅट हें नांव दिलें. तारेचें एक लांब वेटोळें घ्यावें, त्यावरून एक सरकता स्पर्श फिरवावा, वीज जितक्या अधिक तारेंतून जाईल तितकी ती क्षीण व्हावी, एवढीच ती युक्ति. मुंबईच्या रस्त्यांवर १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली तेव्हां तिच्या चालकाच्या हातांत जो पितळी दांडा होता तो ह्याच कुळांतला. चालक दांडा एकेक खांच पुढें सरकवी, गाडीच्या रोधाचा एकेक टप्पा प्रवाहाच्या वाटेंतून दूर होई, आणि ट्राम हिसका न देतां वेग घेई. ती ट्राम १९६४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस बंद झाली. परंतु ज्यांच्या घरीं छताच्या पंख्याची जुनी, जाड, तापणारी पेटी भिंतीवर होती, त्यांनीं ह्या रोधाचा हात रोज धरला आहे.

खेळण्यांत हा प्रकार आला तो आगगाडीच्या मागून. अमेरिकेंतील लायोनेल ही विजेच्या खेळण्यांतल्या आगगाड्या करणारी कंपनी. तिनें १९१२ सालीं विजेवर धांवणाऱ्या शर्यतगाड्या विक्रीस काढल्या आणि १९१५ नंतर त्या बंद केल्या. त्या कां बंद पडल्या ह्याचीं कारणें अनेक असतील. पण एक गोष्ट उघड आहे. आगगाडीचा खेळ एका चालकाचा. तो ट्रान्सफॉर्मरशेजारीं बसतो, दांडा एकदां ठराविक जागीं ठेवतो, आणि गाडी फेऱ्या घालीत राहते. शर्यतीला दोन चालक लागतात, प्रत्येकाचा वेग निराळा लागतो, आणि तो वेग दर वळणाला बदलावा लागतो. आगगाडीचा दांडा टेबलावर राहिला तरी चालतो. शर्यतगाडीचा दांडा टेबलावरून उचलून प्रत्येकाच्या मुठींत द्यावा लागतो. ही गोष्ट सर्वत्र रूढ होण्यास आणखी चार तपें जावीं लागलीं.

मधल्या काळांत, म्हणजे १९५० नंतरच्या पांच-सहा वर्षांत, इंग्लंड-अमेरिकेंतील हौशी कारागिरांच्या मंडळांनीं उंचावलेल्या रुळावरून विजेच्या गाड्या धांववून पाहिल्या. तीं मंडळें जाणत्यांचीं होतीं. घरांतल्या पोरांपर्यंत तीं पोंचलीं नाहींत. पोरांपर्यंत हा खेळ नेला तो फ्रेड फ्रान्सिस ह्या इंग्रज कारखानदारानें. त्याच्या मिनीमॉडेल्स कंपनीची स्कॅलेक्स नांवाची, किल्लीच्या तत्त्वावर चालणारी पत्र्याची गाडी १९५२ पासून बाजारांत होती. मागणी ओसरूं लागली तेव्हां त्यानें त्याच गाडींत विजेची मोटर बसविली, नांवाला इलेक्ट्रिकचें शेपूट जोडलें, आणि १९५७ च्या जानेवारींत हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनांत स्कॅलेक्स्ट्रिक लोकांपुढें ठेवला. गाड्या पत्र्याच्या, फेरारी आणि मासेराती ह्यांच्या प्रतिकृति, रस्ता रबराचा. मागणी इतकी आली कीं लहान कारखान्याला ती पुरी करतां येईना, आणि पुढच्याच वर्षीं, १९५८ मध्यें, फ्रान्सिसनें कंपनी लाइन्स ब्रदर्स ह्या बड्या खेळणेवाल्यांस विकली.

ह्या पहिल्या संचांत कळ कशी होती? ती एक साधें बटण होती. दाबलें कीं वीज चालू, सोडलें कीं बंद. मध्यें कांहीं नाहीं. आजच्या खेळाडूस हें ऐकून हंसूं येईल. परंतु बटणानेंहि शर्यत होते, आणि ती खेळणारास एक विशेष विद्या शिकावी लागते. गाडीच्या मोटरीला व चाकांना स्वतःचा जोर असतो. बटण सोडल्याबरोबर ती थबकत नाहीं. म्हणून वळण जवळ येतांच बटणावर अंगठ्यानें तबल्यावर बोट टाकावें तसे भराभर ठोके द्यावयाचे, म्हणजे तुकड्यातुकड्यानें मिळालेल्या विजेची सरासरी होऊन गाडी मध्यम वेगानें वळते. ह्या ठोक्यांची आठवण ठेवा. पुढें तेच निराळ्या वेषांत परत यावयाचे आहेत. पण आठ वर्षांच्या मुलाच्या अंगठ्यास ही कसरत साधत नाहीं. तो बटण दाबून धरतो, पहिल्याच वळणावर गाडी उडते, दुसऱ्यांदा उडते, आणि चौथ्या दिवशीं पेटी कपाटावर जाते. खेळण्याच्या आयुष्यांत हाच खरा मृत्यु. मोडण्यापेक्षां हा वाईट.

उपाय जुनाच होता. लवकरच मुठींत दट्ट्या आला. पोकळ मुठीच्या माथ्यावर स्प्रिंगेवर बसविलेली एक दांडी. ती अंगठ्यानें खालीं दाबावयाची. आंत रोधाच्या तारेचें वेटोळें, आणि दांडीला जोडलेला स्पर्श त्या वेटोळ्यावरून सरकणार. थोडें दाबलें तर वीज साऱ्या तारेंतून वळसा घेऊन जाते व गाडी रांगते. तळापर्यंत दाबलें तर वेटोळें अजिबात वगळलें जातें आणि पूर्ण दाब मोटरीस मिळतो. ट्रामचा पितळी दांडा असा लहान होऊन पोराच्या अंगठ्याखालीं आला. वेगाला आतां पायऱ्या मिळाल्या, किंवा खरें म्हणजे उतरण मिळाली. ह्या दट्ट्यानें १९६० नंतरच्या इंग्लंडांतील एक पिढी वाढविली. त्याचा दोष एकच, पण मोठा: जी वीज गाडीस मिळूं दिली नाहीं तिची उष्णता होते, आणि ती उष्णता मुठींतच राहते. अर्ध्या वेगानें बराच वेळ खेळलें म्हणजे मूठ कोंबट होते, मग गरम, आणि मग तापलेल्या धुळीचा व तेलाचा एक वास येतो. पूर्वींच्या खेळाडूंना तो वास विसरतां येत नाहीं म्हणतात. सुज्ञ पालकानें मात्र त्याला खेळ थांबविण्याची सूचना समजावें.

त्याच सुमारास अमेरिकेंत ऑरोरा कंपनीनें १९६० पासून ह्याहून निम्म्या आकाराच्या गाड्या विकावयास घेतल्या. घराचा दिवाणखाना लहान असला तरी ह्या गाड्यांचा रस्ता टेबलावर मावे, म्हणून त्या अमाप खपल्या. त्यांच्या आरंभींच्या संचांतली कळ मोठी मौजेची होती: टेबलावर ठेवावयाची एक लहान पेटी आणि तिच्यावर मोटारीच्या सुकाणूंसारखें चक्र. चक्र फिरवावें तसा वेग बदले. पोरांना हें फार आवडलें असणार, कारण हातांत सुकाणूं आल्याचा भास होतो. पण तो भासच. चक्र उजवीकडे फिरवूनहि गाडी डावीकडेच वळते, कारण खांच डावीकडे जाते. आणि चक्र सोडलें तर तें आपण होऊन मागें येत नाहीं. दट्ट्याची स्प्रिंग वेग स्वतःच उतरविते. चक्राला तो उतरवावा लागतो. संकटांत सांपडलेल्या माणसाचा हात आधीं ढिला पडतो किंवा आवळतो, विचारपूर्वक फिरत नाहीं. जें उपकरण हात ढिला पडतांच थांबतें तें चांगलें, ही कसोटी खेळण्याला जितकी लागू तितकीच गिरणींतल्या यंत्राला. चक्राची कळ मागें पडली ती ह्याच कसोटीवर.

त्या दशकांत हा खेळ अमेरिकेंत घराबाहेर पडला. शहरोशहरीं भाड्यानें खेळावयाचीं केंद्रें निघालीं. त्यांत सहा-आठ पदरी लांकडी रस्ते असत आणि मोठ्या मापाच्या, जबर मोटरीच्या गाड्या त्यांवरून डोळा ठरणार नाहीं इतक्या वेगानें जात. जर्मनींत फ्यूर्ट येथें १९६३ सालीं कॅरेरा ह्या नांवानें निराळा संच निघाला. आणि कळीनें तिसरें रूप घेतलें: पिस्तुलाची मूठ, तिला चाप, आणि चापाच्या वरच्या अंगास उघड्या हवेंत बसविलेलें रोधाचें वेटोळें. रसकिट आणि कॉक्स ह्या अमेरिकन कंपन्यांच्या असल्या कळा तेव्हां नांवाजल्या गेल्या. पुढें पार्मा कंपनीची कळ तर अनेक मंडळांत प्रमाणभूत झाली. वेटोळें बाहेर आल्यानें उष्णता हातापासून दूर गेली, आणि तें बिघडलें तर दोन स्क्रू काढून दुसरें बसवितां येऊं लागलें.

अंगठ्याची कळ बरी कीं बोटाची, हा वाद तेव्हांपासून चालूं आहे. अंगठा बळकट खरा, पण दट्ट्यावर तो वरून खालीं दाबतो व त्याच वेळीं उरलेलीं चार बोटें मूठ धरून ठेवतात. त्यामुळें अंगठ्याचें बारीक हलणें मुठीच्या पकडींत हरवतें, आणि अर्ध्या तासानें त्याचें मूळ दुखूं लागतें. तर्जनी त्याहून स्वतंत्र आहे. ती चापावर केसभर पुढें, केसभर मागें होऊं शकते. म्हणून प्रौढ खेळाडूनें चाप घ्यावा हें निर्विवाद. पण लहान मुलाच्या तर्जनीचा पल्ला चापाच्या संपूर्ण हालचालीपर्यंत पोंचत नाहीं. तें मूल दोन बोटें घालतें, नाहींतर दुसऱ्या हातानें चाप ओढतें. त्याच्यासाठीं बारीक मुठीचा दट्ट्या अगर आंखूड पल्ल्याचा चाप अधिक बरा. पादत्राण घेतांना आपण मुलाला दुकानांत घेऊन जातों. कळ घेतांनाहि न्यावें.

आतां त्या तिसऱ्या तारेकडे वळूं. साध्या घरगुती कळीला दोन तारा असतात: एकींतून वीज आंत येते, दुसरींतून रस्त्याकडे जाते. मंडळांच्या कळीला तीन असतात. अमेरिकेंत रूढ झालेल्या संकेताप्रमाणें पांढरी तार विजेची, काळी रस्त्याची, आणि तांबडी गतिरोधाची म्हणजे ब्रेकची. ह्या तांबड्या तारेचें काम पाहण्यासारखें आहे. चाप पूर्ण सोडला कीं स्पर्श मागें जाऊन तांबड्या तारेला मिळतो आणि त्या क्षणीं गाडीच्या मोटरीचीं दोन्ही टोकें परस्परांस जोडलीं जातात. वीज बंद झालेली असते, पण गाडी धांवत असते, चाकें मोटरीस फिरवीत असतात. आणि फिरविली जाणारी मोटर स्वतःच वीज उत्पन्न करूं लागते. ती वीज त्याच जोडलेल्या वाटेनें मोटरींत परत येऊन तिच्या फिरण्यास विरोध करते. गाडी आपल्याच वेगानें आपल्याला आंवरते. वेग जितका अधिक तितका हा आवर मोठा, आणि वेग सरत आला म्हणजे तोहि सौम्य होत जातो. ट्राम व आगगाड्या ह्यांतहि हें तत्त्व वापरतात. तीन तारांची कळ एकदां हातीं आली म्हणजे दोन तारांची पुन्हां घ्यावीशी वाटत नाहीं, कारण सरळ रस्त्यावर वेग शेवटच्या वितीपर्यंत ठेवतां येतो. परंतु कळ तीन तारांची आणि रस्ता दोन तारांचा असेल तर तांबडी तार लोंबत राहते आणि पैसा फुकट जातो. म्हणून आधीं रस्त्याची जोडणी पाहावी, मग कळ.

ह्याहून अधिक चुका होतात त्या रोधाच्या आंकड्यांत. कळीवर ओमचें नांव लिहिलेलें असतें: ४५, २५, १५, ४. अनेकांना वाटतें कीं अधिक आंकडा म्हणजे अधिक चांगला, किंवा महाग म्हणजे चांगला. तसें नाहीं. कळ आणि मोटर ह्यांची सोयरीक जुळावी लागते. थोडा हिशेब करूं. रस्त्यावर १२ व्होल्टांचा दाब आहे, आणि घरगुती गाडींतील मोटरीचा उभी असतांनाचा रोध १० ओम आहे असें धरा. ४५ ओमांच्या कळीच्या पहिल्या स्पर्शास एकूण रोध ५५, प्रवाह एक-पंचमांश अँपियरहून किंचित् अधिक, आणि मोटरीच्या वांट्यास येतात सुमारें सव्वादोन व्होल्ट. गाडी हळूच हलते. तीच गाडी १५ ओमांच्या कळीवर लावली तर पहिल्याच स्पर्शास जवळजवळ पांच व्होल्ट मिळतात. ती झेप घेते. ४ ओमांच्या कळीवर तर साडेआठ व्होल्टांहून अधिक! म्हणजे चाप आणि जुनें बटण ह्यांत अंतर उरलें नाहीं.

आतां उलट बाजू पाहा. शर्यतीसाठीं जाड तारेनें गुंडाळलेली जबर मोटर घ्या. तिचा रोध १ ओम धरा. ४५ ओमांच्या कळीवर पहिल्या स्पर्शास तिला पाव व्होल्ट मिळतो, चाप निम्मा ओढला तरी अर्ध्या व्होल्टाच्या आसपास. गाडी हलत नाहीं. खेळाडू चाप ओढीत राहतो, आणि शेवटच्या दोन-चार वेढ्यांत एकाएकीं सगळा वेग येऊन कोसळतो. शिवाय तो प्रचंड प्रवाह त्या शेवटच्या बारीक वेढ्यांतून जातो व तार तांबडी होते. हीच मोटर ४ ओमांच्या कळीवर लावा: पहिल्या स्पर्शास २.४ व्होल्ट, आणि गाडी शहाण्यासारखी निघते. मात्र त्या वेळीं कळींत सुमारें २३ वॉट उष्णता होते, पहिल्या उदाहरणांत ती दोन वॉटच होती. जबर मोटरीच्या कळा हवा लागेल अशा उघड्या कां असतात हें ह्यावरून कळेल. तात्पर्य असें कीं चिमुकल्या, थोडी वीज खाणाऱ्या गाड्यांना मोठा आंकडा, आणि खादाड गाड्यांना लहान आंकडा. ऑरोराच्या जातीच्या टेबलावरच्या गाड्यांना म्हणूनच ४५ पासून ९० ओमांपर्यंतच्या कळा वापरल्या जातात, घरगुती स्कॅलेक्स्ट्रिकच्या मापाला २५ ते ४५, आणि मोठ्या केंद्रांतल्या जबर गाड्यांना आंकडा एक अंकी होतो.

हें सर्व जुळवूनहि घरांत भांडण होतें, आणि त्याचें कारण कळींत नसून तिच्या मागें असतें. बहुतेक संचांत दोन्ही गाड्यांना वीज एकाच ट्रान्सफॉर्मरमधून येते, आणि तो स्वस्तांतला असतो. दोन्ही गाड्या जोरांत धांवत असतां त्याचा दाब खालीं बसतो. मग धाकट्याची गाडी वळणावर उडते, तिची मागणी शून्य होते, त्या क्षणीं दाब उसळून थोरल्याच्या गाडीस मिळतो, आणि आपल्या बोटानें काडीचाहि अपराध केलेला नसतां थोरल्याची गाडीहि पुढच्या वळणावर उडते. तो म्हणतो, तूं मला पाडलेंस. धाकटा म्हणतो, मी तर तुझ्या रस्त्यावरहि नव्हतों. दोघेहि खरें बोलत असतात. असल्या वेळीं वडील माणसें दोघांनाहि गप्प करतात, हा त्या मुलांवर अन्याय आहे. प्रत्येक खांचेला निराळा ट्रान्सफॉर्मर द्यावा, अगर दोघांच्या एकत्र मागणीला पुरून उरेल असा एक भक्कम घ्यावा, म्हणजे न्याय होतो. माझ्याजवळ ठराविक रक्कम असती आणि तींतून उत्तम कळ कीं उत्तम वीजपुरवठा असा प्रश्न पडता, तर मी आधीं पुरवठा घेतला असता. डळमळत्या दाबावर कोणाचाहि हात शिकत नाहीं.

अमेरिकेंतली लाट १९७० च्या आधींच ओसरली. केंद्रें जशीं निघालीं तशीं मिटलीं. गाड्या इतक्या वेगवान् झाल्या होत्या कीं नवख्याला त्यांच्यापुढें उभें राहवेना, हें त्याचें एक कारण खेळाडू सांगतात व तें मला पटतें. इंग्लंडांत लाइन्स ब्रदर्सचा डोलारा १९७१ मध्यें कोसळला. स्कॅलेक्स्ट्रिक मात्र टिकला आणि पुढें हॉर्नबी ह्या आगगाडीवाल्या नांवाखालीं नांदला. ह्या पडत्या काळांतहि मंडळांनीं आपल्या पिस्तुली कळा टांकल्या नाहींत; वेटोळीं बदलून तीं माणसें तळघरांत, चर्चच्या सभागृहांत, मोटारखान्यांत खेळत राहिलीं.

पुढचा फेरफार ट्रान्झिस्टरनें केला. तारेच्या वेटोळ्याऐवजीं कळींत इलेक्ट्रॉनिक मंडल आलें. त्यांतील एक जात गाडीला मिळणारा दाबच ठराविक राखते. दुसरी जात वीज सेकंदांत शेंकडों अगर हजारों वेळां तोडते व जोडते. चाप थोडा ओढला तर जोडलेला काळ थोडा, पुरता ओढला तर अखंड. श्रोतेहो, पहिल्या बटणावरचे ते अंगठ्याचे ठोके आठवतात ना? तेच हे, फक्त ठोके देणारा आतां माणूस नाहीं. असल्या कळीवर लहान खुंट्या असतात. एकीनें आरंभींचा वेग ठरवितात, दुसरीनें आवर किती कडक असावा तें. त्यामुळें एकच कळ सौम्य व जबर दोन्ही गाड्यांना चालते आणि ओमांची सोयरीक पाहावी लागत नाहीं. किंमत अर्थातच पुष्कळ. शिवाय उलटी जोडली तर ती क्षणांत निकामी होऊं शकते. तारेचें वेटोळें असल्या चुका मुकाट्यानें सोसतें.

तरीहि कित्येक जुने खेळाडू वेटोळ्याकडेच परत जातात, आणि तें केवळ सवयीमुळें नव्हे. रोधाच्या कळींत एक मृदु गुण आहे. गाडी वळणावर अडखळली, तिच्यावर भार आला, कीं मोटर अधिक प्रवाह मागते. तो प्रवाह वेटोळ्यांतून जातांना दाब आणखी पडतो, आणि गाडी आपोआप किंचित् मंदावते. दाब ठराविक राखणारी कळ असें करीत नाहीं; ती गाडीला पुढें रेटीत राहते. म्हणून शिकाऊ हातासाठीं साधें वेटोळें हें मला अधिक योग्य वाटतें.

२००४ सालीं स्कॅलेक्स्ट्रिकनें अंकीय, म्हणजे डिजिटल, संच काढला आणि कळीचें मूळचें कामच बदललें. ह्या संचांत पट्ट्यांवर दाब सर्वकाळ पूर्ण असतो. कळ वीज अडवीत नाहीं. ती रस्त्यामार्फत केवळ निरोप पाठविते, आणि गाडींत बसविलेली चकती निरोपांतला आपला क्रमांक ओळखून मोटरीला हवी तेवढी वीज देते. त्यामुळें एकाच खांचेंत एकामागून एक अनेक गाड्या चालतात, आणि कळीवरचें एक बटण दाबलें तर गाडी सांध्यावरून शेजारच्या खांचेंत जाते. सुकाणूं नसलेल्या खेळांत वळण्याचा थोडा अधिकार खेळाडूस मिळाला तो असा. पुढें बिनतारी कळा आल्या व पायांत अडकणारी तार गेली. परंतु अशा संचाची कळ त्या त्या कंपनीच्याच भाषेंत बोलते. एकीची कळ दुसरीच्या रस्त्यावर चालत नाहीं. साध्या संचांत हें बंधन बरेंच सैल आहे. रोधाचा आंकडा आणि तारांची जोडणी जुळली कीं कोणाचीहि कळ कोणाच्याहि रस्त्यावर लावतां येते, आणि साठ वर्षांपूर्वींचा दट्ट्याहि त्याला अपवाद नाहीं.

असा जुना दट्ट्या कोणास वडिलांच्या पेटींत सांपडला, तर तो लगेच विजेस लावूं नये. प्रथम तार पाहावी. तिचें रबर कडक होऊन तडकलें असेल तर ती बदलावी. मग मूठ उघडून वेटोळें कोरड्या फडक्यानें पुसावें, सरकत्या स्पर्शावरची काळी पुटें अगदीं बारीक कागदानें काढावीं, आणि स्प्रिंग दट्ट्याला पूर्ण वर आणते कीं नाहीं तें दहा-वीस वेळां दाबून पाहावें. जुना ट्रान्सफॉर्मर मात्र पेटींतच ठेवावा व त्याऐवजीं त्याच दाबाचा नवा घ्यावा; घरच्या विजेला जोडली जाणारी, चाळीस-पन्नास वर्षें पडून राहिलेली वस्तु मुलांच्या हातीं देण्याजोगी नसते. एवढें झालें म्हणजे रस्त्याचे चार सरळ व आठ वळणाचे तुकडे जोडावेत, एकच गाडी ठेवावी, आणि दट्ट्या निम्म्यापर्यंतच दाबून तिला दहा फेऱ्या न उडतां पुऱ्या करूं द्याव्या.